नव्वदीच्या माहितीपटांना कायद्याचं संरक्षण हवं, आणि त्यांच्या रशेसनाही

मुद्दा आधीच सांगून टाकते. आपल्याकडे पुस्तक छापलं की त्याच्या प्रती ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात, १९५४ पासून तसा कायदाच आहे, दोन वर्षांनी त्यात वर्तमानपत्रंसुद्धा घातली. त्यामुळे १९९३ सालचं एखादं फारसं कुणी न वाचलेलं पुस्तक शोधायचं असेल तर निदान कुठे जाऊन विचारायचं हे तरी माहीत असतं. सिनेमासाठी असा कायदा नाही, आणि माहितीपटासाठी तर तशी सवयसुद्धा नाही. म्हणून १९९० ते २००० या काळात या देशात जे माहितीपट झाले त्यातले कितीतरी आज दिग्दर्शकांच्या घरी कपाटात, एखाद्या संस्थेच्या माळ्यावर, नाहीतर ज्या परदेशी चॅनलने पैसे दिले त्यांच्या गोदामात पडलेत, आणि बऱ्याच फिल्म्सची मूळ टेप नेमकी कुणाकडे आहे हेच कुणाला सांगता येत नाही. माझं म्हणणं असं की जमा करण्याचा कायदा सिनेमालाही लावा, लवकर लावा, आणि त्यात नुसती पूर्ण झालेली फिल्म नको, रशेससुद्धा हवेत, म्हणजे शूट केलेलं पण फिल्ममध्ये न घेतलेलं सगळं फुटेज.

नव्वदीचाच हट्ट का, असं कुणीही विचारेल. त्या दहा वर्षांत काय काय झालं ते आठवून बघा. मंडल, रथयात्रा, १९९१ चं आर्थिक धोरण, बाबरी, मुंबईची दंगल आणि मग बॉम्बस्फोट, नर्मदेचं आंदोलन, गिरण्यांच्या जमिनी, केबलचं जाळं, आणि शेवटी अणुचाचणी आणि कारगिल. आज आपण ज्या देशात राहतोय त्याचा पाया तेव्हा घातला गेला, चांगला का वाईट ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि हे सगळं होत असताना हलत्या चित्रात त्याची नोंद कोण करत होतं? दूरदर्शन सरकारी होतं, तिथे सरकारला चालेल तेवढंच दिसायचं. १९९२ मध्ये झी आलं पण ते मनोरंजनासाठी, चोवीस तास बातम्यांचे चॅनल्स अजून लांब होते. या मधल्या रिकाम्या जागेत कोण होतं तर स्वतःच्या हिमतीवर, कर्ज काढून, मित्रांकडून कॅमेरा मागून फिरणारी काही माणसं. ती नसती तर त्या दशकाची आपल्याकडे फक्त सरकारी बाजू उरली असती आणि वर्तमानपत्रांची कात्रणं.

अजून एक गोष्ट झाली होती जी फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे व्हिडिओ स्वस्त झाला. त्याआधी माहितीपट म्हणजे सोळा मिलीमीटरची फिल्म, रोल महाग, लॅबचा खर्च वेगळा, त्यामुळे दिग्दर्शक जपून शूट करायचा, माणूस मुद्द्यावर आला की कॅमेरा चालू आणि मुद्दा संपला की बंद. यू-मॅटिक, बीटाकॅम आणि पुढे हाय-एट हे व्हिडिओ टेपचे प्रकार आल्यावर कॅमेरा चालू ठेवणं परवडायला लागलं, मग समोरचा माणूस अडखळला, विषय सोडून भलतीकडे गेला, शेजारीण मध्येच येऊन बोलून गेली, सगळं टेपवर आलं. फिल्म शेवटी पन्नास मिनिटांचीच व्हायची, पण तिच्यामागे तीसचाळीस तासांचं फुटेज जमायला लागलं. म्हणून नव्वदीच्या बाबतीत रशेसचं एवढं महत्त्व. त्याआधीच्या काळात ते मुळात कमी आहेत, आणि नंतर डिजिटल आल्यावर इतकं शूट व्हायला लागलं की त्याचं दुखणंच वेगळं.

आनंद पटवर्धनांची 'राम के नाम' बऱ्याच जणांनी पाहिली असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल. अयोध्येच्या वादावरची १९९२ ची फिल्म, बाबरी पडायच्या आधी पूर्ण झालेली. तिच्यात पुजारी लालदास बोलतो तो भाग मी कितीही वेळा बघितला तरी मला तिथे थांबावं लागतं. कोर्टाने नेमलेला रामजन्मभूमीचा पुजारी, साधा माणूस, आवाज न चढवता, अगदी नेहमीच्या सुरात सांगतो की हा सगळा राजकारणाचा आणि पैशाचा खेळ आहे. त्याच्या बोलण्यात भीती नाही आणि आपण काही धाडस करतोय असा आवही नाही. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा खून झाला. आज लालदास कसा बोलायचा, बोलताना कुठे थांबायचा, हे आपल्याला माहीत आहे ते त्या फिल्ममुळे. त्याच्याबद्दल चार पानं छापली असती तरी ती समोरच्याने खोडून काढली असती, पण तो समोर बसून बोलतोय ते खोडता येत नाही.

आणि ही फिल्म दूरदर्शनने दाखवायला नकार दिला, तिला नॅशनल अवॉर्ड असूनही, सेन्सॉरने 'यू' सर्टिफिकेट दिलेलं असूनही. कोर्टात वर्षानुवर्षं भांडल्यावर ती दाखवली गेली. त्यांचीच १९९५ ची 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध', पुरुषीपणा आणि धर्माच्या नावाने होणारी हिंसा यांचं नातं दाखवणारी, ती तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००६ मध्ये निकाल लागला, दूरदर्शनने दाखवलीच पाहिजे असा. अकरा वर्षं. फिल्म आली तेव्हा जन्मलेलं पोर तोवर सहावीत गेलं असेल. ज्या प्रेक्षकांसाठी ती केली होती, ज्यांच्या डोळ्यांसमोर दंगल नुकतीच होऊन गेली होती, त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोचलीच नाही.

पण नव्वदीचे माहितीपट म्हणजे सगळे आंदोलनाचे आणि दंगलीचे असा जो समज आहे तो मला पटत नाही. त्याने फार नुकसान होतं, कारण मग लोक म्हणतात ते डाव्यांचं काम, आपल्याला काय त्याचं. रीना मोहन यांची १९९२ ची 'कमलाबाई' बघा. कमलाबाई गोखले, म्हणजे १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलेली मुलगी, त्यात तिची आई दुर्गाबाई कामतही होती. त्या काळी चांगल्या घरच्या बायकांनी कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, पुरुषच बायकांची कामं करायचे, तेव्हा या मायलेकी आल्या. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. माहितीपट झाला तेव्हा त्या वयाने नव्वदीच्या आसपास होत्या. बाई कॅमेऱ्याला घाबरत नाहीत, जुन्या नाटकातलं म्हणून दाखवतात आणि म्हणताना अंगात अजून ती कंपनी नाटकाची ऐट येते, हाताची बोटं आपोआप हलायला लागतात. १९९८ मध्ये त्या गेल्या. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास सिनेमे झाले असं मानतात आणि पूर्ण-अपूर्ण धरून त्यातले जेमतेम तीसेक उरलेत. म्हणजे त्या काळाचं मूळ चित्र जवळपास सगळं गेलं, आणि त्या काळातल्या पहिल्या नट्यांपैकी एकीचं मोठ्या वयातलं बोलणं उरलं ते एका तरुण दिग्दर्शिकेला तिच्याकडे जाऊन बसावंसं वाटलं म्हणून. तिचं किती बोलणं फिल्मबाहेर राहिलं असेल याचा विचार केला तरी मला चुटपुट लागते.

तसंच पारोमिता व्होरा यांची १९९५ ची 'अन्नपूर्णा', गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांवरची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांची संघटना बांधली, १९८२ च्या संपाने गिरणी कामगारांचं कंबरडं मोडलं, आणि त्या सगळ्यात घर चाललं ते या बायकांनी लाटलेल्या पोळ्यांवर. संपाबद्दल पुस्तकं आहेत, नाटकं आहेत, दत्ता सामंतांवर किती लिहिलं गेलं, पण त्या घरातल्या बाईचा आवाज, तिची बोलण्याची पद्धत, मालवणी नाहीतर घाटावरचा हेल, हे कुठल्या पुस्तकात मिळणार? मुंबईचा तो भाग आता ओळखू येत नाही इतका बदललाय. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी १९९७ मध्ये येरवडा जेलमधल्या कवींवर फिल्म केली, त्याआधी वारल्यांच्या कथांवर आणि चित्रांवर केली. अरुण खोपकरांनी चित्रकारांवर केल्या. एकाच दशकात एवढं वेगवेगळं काम, आणि एकाच ठिकाणी बसून ते सगळं बघता येईल अशी जागा महाराष्ट्रात नाही.

आता टेपचं काय होतं ते जरा नीट सांगते, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की शूट केलंय म्हणजे आहेच की, जाणार कुठे. चुंबकीय टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा थर, आणि तो थर धरून ठेवणारा एक डिंकासारखा पदार्थ. तो पदार्थ हवेतला ओलावा शोषून घेतो आणि हळूहळू सुटायला लागतो. मग टेप मशीनमध्ये घातली की थर खरवडला जाऊन टेप वाचणाऱ्या हेडवर चिकटतो, चित्रावर आडवे पट्टे येतात, आवाज बसतो, आणि त्याच वेळी टेप कायमची खराब होत असते, म्हणजे बघायला जावं तर बघण्यानेच ती मरते. मुंबईच्या, कोकणाच्या पावसाळ्यात त्यात बुरशीची भर. यू-मॅटिकची कॅसेट हातात घेतली तर पुस्तकाएवढी जाड असते, पाठीवर बॉलपेनने लिहिलेलं लेबल, गावाचं नाव, तारीख, रोल नंबर, आणि खिडकीतून आत बघितलं की टेपच्या गुंडाळीच्या कडेला बारीक पांढरे धागे दिसतात. ते दिसले की समजायचं उशीर झालाय. सोळा मिलीमीटरची फिल्म थंड आणि कोरड्या जागेत शंभर वर्षं टिकू शकते, टेप नाही, तिचं आयुष्य साधारण दहा ते तीस वर्षांचं धरतात. नव्वदीच्या टेप्सचं वय आता मोजा.

टेप टिकली तरी ती वाजवायचं मशीन हवं. व्हीएचएसचा शेवटचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, यू-मॅटिकची मशीन तर त्याच्या कितीतरी आधीपासून बनत नाहीत, हेड झिजले की जुन्या मशीनमधून काढून लावायचे आणि ते बसवणारे तंत्रज्ञ आता निवृत्त झालेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच जगाला सांगून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत ज्या टेपची डिजिटल कॉपी होणार नाही ती बहुतेक गेलीच म्हणून समजा. युनेस्कोनेही त्यानंतर चारपाच वर्षांत तसाच इशारा दिला. ती तारीख उलटून गेली आणि आपल्याकडे किती टेप्स कुठे आहेत याची साधी यादीसुद्धा झाली नाही.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे 'सगळं यूट्यूबवर आहे की'. आहे, थोडं आहे, आणि ज्यांनी टाकलं त्यांचे आभारच मानायला हवेत. पटवर्धनांनी स्वतःच्या फिल्म्स फुकट खुल्या केल्या, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्याही बऱ्याच जुन्या फिल्म्स तिथे आहेत. पण ते जतन नाही. तिथे असते ती दाबून लहान केलेली कॉपी, तीही बऱ्याचदा व्हीएचएसवरून घेतलेली. आणि ते एका परदेशी कंपनीचं आवार आहे, उद्या त्यांचे नियम बदलले की संपलं. ज्या 'राम के नाम'ला आपल्या सेन्सॉरने सगळ्या वयांसाठी पास केलं तिच्यावर मध्यंतरी यूट्यूबने वयाची अट लावली होती, म्हणजे आपल्याच देशाचा दस्तऐवज कुणी बघायचा हे बाहेरचं कुणीतरी ठरवतंय. आणि रशेस कोण यूट्यूबवर टाकणार, चाळीस तासांचं, सबटायटल नसलेलं, मध्येच दिग्दर्शक कॅमेरामनला ओरडतोय असं फुटेज? ते टाकूही नये, त्याचं कारण पुढे येतंच.

रशेस का हवेत ते मला एकाच उदाहरणाने सांगायचंय. १९९२-९३ च्या दंगलीत बांद्र्याच्या बेहरामपाड्याची जी प्रतिमा पेपरांनी केली होती ती वयाने मोठ्या मुंबईकरांना आठवत असेल, गुंडांचा अड्डा वगैरे. मधुश्री दत्ता यांनी १९९३ मध्ये तिथे जाऊन फिल्म केली, तिथल्याच माणसांच्या तोंडून, ही वस्ती कशी उभी राहिली, खाडीची जमीन कुणी भरली, इथे कोण राहतं. त्याच वर्षी जानेवारीत दंगलीच्या चौकशीसाठी श्रीकृष्ण आयोग नेमला गेला, मग १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला, १९९८ मध्ये अहवाल आला आणि त्यावर कारवाई किती झाली ते सगळ्यांना माहीत आहे. आयोगासमोरच्या साक्षी कागदावर आहेत, वकिलाने विचारायचं आणि साक्षीदाराने उत्तर द्यायचं अशा भाषेत. पण दंगलीनंतर काही आठवड्यांतच, घरात बसून, आपल्या माणसाशी बोलावं तसं कुणी काय बोललं हे ज्या टेप्सवर असतं त्या टेप्स म्हणजे इतिहासाचा मूळ कागद आहे. दिग्दर्शक त्यातून आपला मुद्दा मांडायला पंचेचाळीस मिनिटं निवडतो, ते त्याचं कामच आहे. उद्याच्या अभ्यासकाला वेगळा प्रश्न पडेल, भाड्याचा, पाण्याचा, बायकांच्या कामाचा, लग्नांचा, आणि त्याचं उत्तर नेमकं न वापरलेल्या भागात सापडेल. फिल्मवर एकांगीपणाचा आरोप होतो ना, तो खरा की खोटा हे तपासायचीसुद्धा तीच एक जागा आहे. विरोधकांनीही खरं म्हणजे रशेस जपायची मागणी करायला हवी.

नर्मदेचंही तेच. मणिबेली हे सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव, तेव्हा धुळे जिल्ह्यात, १९९८ नंतर नंदुरबारमध्ये. सीमंतिनी धुरू आणि पटवर्धनांनी १९९५ मध्ये नर्मदेवर जी फिल्म पूर्ण केली त्यात ते गाव आहे. आता ते पाण्याखाली. तिथल्या घरांचे लाकडी खांब, उतारावरची शेतं, होळीला नाचणारी माणसं, हे त्या गावच्या पोरानातवंडांना बघायचं असेल तर कुठे बघायचं? धरण हवं की नको यावर तुमचं मत काहीही असो, बुडालेल्या गावाचं चित्रीकरण त्या गावच्या माणसांना बघायला मिळालं पाहिजे याबद्दल तरी दुमत नसावं.

आता यातला सगळ्यात अवघड भाग, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. कॅमेऱ्यासमोर बोललेल्या माणसाने नेमकी कशाला संमती दिली होती? १९९३ मध्ये एखादी बाई आपल्यावर काय गुदरलं ते सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काय असणार, फार तर एखाद्या हॉलमध्ये पन्नास-शंभर माणसं बघतील, कॉलेजात दाखवतील, व्हीसीआर आणि टीव्ही घेऊन वस्तीवस्तीत जातील. तेव्हा माहितीपट असेच दाखवले जायचे. आपला चेहरा कापून वीस सेकंदांची क्लिप होईल, वर कुणीतरी भलतंच लिहील आणि ती नातवाच्या मोबाईलवर येईल हे तिने कल्पनेतही आणलं नसेल. दीपा धनराज यांची १९९१ ची 'समथिंग लाइक अ वॉर' कुटुंबनियोजनाच्या नसबंदी कॅम्पवर आहे. त्यात एक डॉक्टर आपण किती भराभर ऑपरेशनं करतो हे अभिमानाने सांगतो आणि त्याच वेळी टेबलावर बाई पडलेली असते. ती फिल्म लोकांनी बघायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. पण अशा कॅम्पमधलं सगळंच्या सगळं फुटेज नेटवर मोकळं सोडा असं मी म्हणणार नाही. जेलमधल्या कैद्यांचं तेच, तो माणूस सुटून आता कुठेतरी नाव बदलून शांतपणे जगत असेल.

म्हणून जपणं आणि दाखवणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. जपायचं सगळं. दाखवताना पायऱ्या ठेवायच्या. पूर्ण झालेली फिल्म, जी एकदा लोकांसमोर आलेलीच आहे, ती दिग्दर्शकाची परवानगी आणि मानधन देऊन सगळ्यांना खुली. रशेस संग्रहालयात जाऊन, नाव नोंदवून, कॉपी न घेता बघायचे. आणि ज्यात कुणाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका आहे ते दिग्दर्शकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत सीलबंद. ब्रिटनसारख्या देशांत जनगणनेच्या फॉर्म्सना अशी मुदत लावतात, यात नवीन काही शोधायचं नाहीये. दाखवणं अवघड आहे म्हणून जपायचंच नाही, हा युक्तिवाद मात्र मी बऱ्याच शहाण्या माणसांकडून ऐकलाय आणि तो मला आळसाचा वाटतो.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे आणि तो खुद्द दिग्दर्शकांकडून येतो. ज्या सरकारने आमची फिल्म दाखवू नये म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत वकील उभे केले त्याच सरकारच्या ताब्यात आम्ही आमच्या टेप्स द्यायच्या? रास्त प्रश्न आहे. २००४ मध्ये मुंबईच्या माहितीपट महोत्सवात, जो १९९० पासून फिल्म्स डिव्हिजन भरवत आली होती, भारतीय फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेटची अट घातली, विरोध झाल्यावर ती काढली पण बऱ्याच फिल्म्स निवडीतच नाकारल्या, तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात आपला वेगळा महोत्सव भरवला, 'विकल्प' नावाचा. हा इतिहास असताना नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणून चालणार नाही. त्यातून २०२० च्या डिसेंबरात केंद्राने फिल्म्स डिव्हिजन, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय वगैरे सगळं एनएफडीसीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन करायचं ठरवलं आणि केलंही. एनएफडीसी ही कंपनी आहे, तिचं काम सिनेमाचा धंदा वाढवणं. जतन हे नफा देणारं काम नाही, तीस वर्षं काहीच न मिळता करत राहायचं काम आहे, ते कंपनीच्या गळ्यात घालणं मला तेव्हाही चूक वाटलं आणि आजही वाटतं.

यावर उपाय म्हणजे जमा केलेली कॉपी एका ठिकाणी न ठेवता निदान दोन ठिकाणी ठेवायची, एक राष्ट्रीय संग्रहालयात आणि दुसरी दिग्दर्शकाने निवडलेल्या विद्यापीठात किंवा स्वायत्त संस्थेत, आणि सेन्सॉर सर्टिफिकेट असो नसो, जमा करण्याशी त्याचा संबंध नाही असं कायद्यातच लिहायचं. मूळ टेपची मालकी दिग्दर्शकाचीच. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या, लवकर पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म्सच्या गोदामाला आग लागली आणि एकाच ठिकाणी ठेवलेला ठेवा किती वेळात जातो ते आपण बघितलंय, त्यामुळे दोन जागा ही मागणी फक्त अविश्वासापोटी नाही. फ्रान्सने १९९२ मध्येच कायदा करून रेडिओ आणि टीव्हीवरचे कार्यक्रमसुद्धा जमा करायला लावले, त्यासाठी वेगळी संस्था नेमली, आणि आज तिथला विद्यार्थी ग्रंथालयात बसून नव्वदीचा टीव्ही बघू शकतो. ज्या वर्षी आपल्याकडे 'राम के नाम' दूरदर्शनच्या दारात उभी होती त्याच वर्षीची ही गोष्ट.

कॉपीराइटचा बाऊ केला जातो तोही थोडा मोकळा करते. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे १९९२ च्या फिल्मचा २०५२ संपेपर्यंत. तोवर थांबू आणि मग कॉपी करू असं म्हणाल तर टेपवर काहीच उरलेलं नसेल. पण कायद्यात २०१२ मध्ये सुधारणा झाली आणि ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखादी कृती जुन्या स्वरूपात असेल तर जतनासाठी तिची डिजिटल कॉपी करायला मुभा मिळाली. म्हणजे ज्या विद्यापीठांच्या, कॉलेजांच्या ग्रंथालयांत जुन्या व्हीएचएस आणि यू-मॅटिक पडून आहेत त्यांना यासाठी नव्या कायद्याची वाटसुद्धा बघायची गरज नाही. कुणाला तरी बसून ते करायचंय, एवढंच.

पैशांचं म्हणाल तर जुने सिनेमे वाचवण्यासाठी केंद्राने जी राष्ट्रीय योजना आणली ती ५९७ कोटींची होती. तिच्यातून कामं झाली नाहीत असं नाही, पण बातम्या येतात त्या मोठ्या कथापटांच्या, हिरो-हिरॉइन असलेल्या, परदेशी महोत्सवात झळकणाऱ्या. ते वाचलेच पाहिजेत. माझा मुद्दा असा की त्या सिनेमांना निदान निर्माता असतो, चॅनलला विकायची किंमत असते, चाहते असतात. नर्मदेच्या काठावर हाय-एटवर शूट केलेल्या टेपला यातलं काहीच नसतं. फिल्म रिस्टोर करायला जो खर्च येतो त्याच्या तुलनेत टेपची डिजिटल कॉपी फार स्वस्तात होते, खर्चापेक्षा घाई जास्त आहे. आणि राज्य सरकारने हात वर करायचं कारण नाही, महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारो आहेत, त्यातल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयांत एक खोली, एक पडदा आणि संग्रहाशी जोडलेला एक कॉम्प्युटर ठेवता येतो. नंदुरबारच्या माणसाला आपलं बुडालेलं गाव बघायला पुण्यापर्यंत यायला लागू नये.

शेवटची गोष्ट, आणि कायदा होईपर्यंतसुद्धा ती सुरू करता येईल. नव्वदीत पंचवीस-तीस वर्षांचे असलेले दिग्दर्शक, कॅमेरामन, साउंडवाले आता साठीच्या आसपास आहेत. टेपवर नुसतं 'रोल १४, वस्ती' असं लिहिलेलं असतं. त्या रोलमध्ये बोलणारी बाई कोण, कुठल्या गावची, तिच्याशी काय ठरलं होतं, कुठला भाग दाखवू नका असं ती म्हणाली होती, हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे. ज्या विद्यापीठांत मास मीडियाचे विभाग आहेत तिथल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रोजेक्ट द्यावाच लागतो, तर एकेका दिग्दर्शकासमोर दोन विद्यार्थी बसवा, एकेक टेप काढून विचारा आणि रोलनिहाय लिहून घ्या. टेप चालवायची गरज नाही, लेबल वाचलं तरी त्यांना आठवतं. ही यादी तयार असेल तर उद्या पैसे आले की कुठली टेप आधी कॉपी करायची, कुठली सीलबंद ठेवायची, हे ठरवायला वर्षं घालवावी लागणार नाहीत.